शाबासकी द्या, पण रोखीत!

‘नोकरी सोडली? कायले बाप्पा?’ वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेत धंदा सुरू केला की पहिली कमेंट हीच! माझ्या टिफिन सर्व्हिसचे डबे होते चार, ‘ऑल द बेस्ट’वाले चाळीस. शेजारच्या काकूंनी मात्र महिन्याचे पैसे आगाऊ दिले. वर म्हणाल्या, ‘झुणका-भाकर ठेव, पोरी, गिऱ्हाइकं वाढतीन.’ गाशा गुंडाळायला निघालेली मी पुन्हा कणिक मळायला बसले!

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही आधी कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, ही भीती. पण १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी नुसता धीर दिला नाही, कारखान्यासाठी माळरान दिलं. तिथंच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मित्र धंद्यात पडलाय? मग नुसता अंगठा दाखवू नका, ऑर्डर द्या!