आबांचा रस्ता

पुणे-सातारा महामार्गावर सुरूर नावाचे गाव आहे. तेथून एक रस्ता पश्चिमेकडे वळतो आणि वाई, पसरणीचा घाट, पाचगणी अशी गावे व वळणे घेत महाबळेश्वरास पोहोचतो. लांबी म्हणाल, तर पन्नास किलोमीटरांच्याही आतली. पण एवढ्याशा वाटेत तो माणसाला उसाच्या आणि हळदीच्या शेतांतून उचलून थेट ढगांत नेऊन सोडतो. वाईच्या घाटावर जिच्या पाण्यात आपण पाय धुतो, त्या कृष्णेच्या उगमाकडेच तो निघालेला असतो. नदी उतरते, रस्ता चढतो.

माझे बालपण पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी गेले. माझे वडील या घाटात मैलकुली होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्याची निगा राखणारा मजूर. खड्डे बुजवावेत, पडलेली दरड हटवावी, कठड्यांना चुना लावावा आणि मुख्य म्हणजे डोंगराकडची गटारे मोकळी ठेवावीत, हे त्यांचे काम. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आबा म्हणत, "रस्त्याला गाडी मारत नाही, पाणी मारतं." गटार तुंबले, की पाणी रस्त्यावर येते, डांबराखाली शिरते आणि कडा पोखरते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

१९७३ साली मी वाईच्या शाळेत सातवीत होतो. ऑक्टोबरात आमच्या वर्गाची सहल एस.टी.ने महाबळेश्वरास निघाली. घाटातील एका वळणावर आबा गुडघाभर गटारात उभे राहून फावड्याने गाळ उपसत होते. मला पाहताच त्यांनी हात उंचावला. शेजारच्या मित्राने विचारले, "तो माणूस तुला हात करतोय का रे?"

"नाही," मी म्हणालो आणि तोंड फिरवले.

त्या दिवशी पाचगणीचे विस्तीर्ण पठार पाहिले, क्षेत्र महाबळेश्वरी गोमुखातून पडणारी धार पाहिली. पण माझे मन कशातच रमेना.

परतताना अंधारून आले आणि परतीचा पाऊस कोसळू लागला. घाटात गाडी एकाएकी थांबली. समोरच्या वळणावर तांबडा उजेड हलत होता. कंदिलाला लाल फडके गुंडाळून, अंगावर घोंगडी पांघरलेले आबा भर रस्त्यात उभे होते. वळणापलीकडे दरड कोसळली होती. चालक खाली उतरला. त्याने दरडीकडे पाहिले, खालच्या दरीकडे पाहिले आणि काही न बोलता आबांना हात जोडले.

"कोण हे गृहस्थ?" गुरुजींनी विचारले.

मी गाडीतून उतरलो, भिजत आबांजवळ जाऊन उभा राहिलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "गुरुजी, हे माझे वडील."

आबांनी घोंगडीचे एक टोक माझ्या डोक्यावर ओढले. सकाळची गोष्ट त्यांनी त्या रात्री काढली नाही. पुढेही कधी काढली नाही.

आता मीही म्हातारा झालो आहे. या रस्त्याने जाताना लोक दरीची शोभा पाहतात. माझी दृष्टी मात्र डोंगराकडच्या गटाराकडे जाते. तेथे कोणी फावडे घेऊन उभा दिसला, की मी गाडीतून हात उंचावतो.