वर झालेले हात

थोरांच्या हातून उतरलेली प्रत्येक कृती थोरच असली पाहिजे, असे मानण्याची आपणां सर्वांनाच खोड असते. मोठे नाव दिसले की मान आपोआप डोलू लागते. मला या खोडीचा पहिल्यापासून तिटकारा. त्यामुळे होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचे पुस्तक घेऊन माझी भाची दिवाळीत घरी आली, तेव्हा मी काहीसा सावध होऊनच ते चाळू लागलो.

होमाईबाई आम्हां बडोदेकरांना परक्या नव्हत्या. जन्म १९१३ सालचा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आणि १९४२ पासून कर्मभूमी दिल्ली. भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती झाली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, तो पुन्हा व्यवसायासाठी म्हणून उचललाच नाही. पुढे त्या बडोद्यास येऊन राहिल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. भाची आली ती त्याच वर्षीच्या दिवाळीत.

पुस्तकातील काही चित्रे पाहताक्षणीच मन जिंकणारी. नेहरू कबुतर उडवीत आहेत. विमानतळावर ‘छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई’ अशा पाटीशेजारीच उभे आहेत. त्यांतली गंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. पण एका पानाशी भाची थबकली आणि म्हणाली, “मामा, माझ्या मते हे सर्वांत मोठे चित्र.”

चित्र जून १९४७ मधले. दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत फाळणीच्या योजनेवर मतदान चालले आहे. माणसे बसलेली आहेत आणि त्यांनी हात वर केले आहेत. बस्स, एवढेच.

मी म्हणालो, “अगं, एखाद्या पतपेढीच्या वार्षिक सभेचा फोटो म्हणूनसुद्धा हा खपून जाईल!”

“खालची ओळ वाचा ना.”

“ओळ वाचूनच जर कळायचे, तर श्रेय ओळीचे की चित्राचे? आणि बाईंचे नाव नसते, तर तू या पानाशी थांबली असतीस का?”

तिला उत्तर सुचेना. मला वाटले, आपण जिंकलो.

तेवढ्यात शेजारचे काका नेहमीप्रमाणे चहाला आले. ते सिंधी. आठ-नऊ वर्षांचे असताना आईवडिलांचे बोट धरून सिंध सोडले आणि बालपण येथील वारसियाच्या निर्वासित वसाहतीत काढले. छायाचित्रणाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. होमाईबाईंचे नावही त्यांनी कधी ऐकले नव्हते. उघडे पडलेले पान पाहून त्यांनी चष्मा लावला, भाचीने ती ओळ वाचून दाखविली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग हिंदीत एवढेच म्हणाले, “बस, इतना ही? सिर्फ हाथ उठाना था?”

चहा तसाच निवत राहिला. आम्हां दोघांपैकी कोणालाही पुढे बोलवेना.

त्या रात्री मी ते पान पुन्हा उघडले. दोन्ही शंका माझ्याच होत्या आणि दोहोंचेही उत्तर मला मिळाले होते. नावाचा प्रभाव म्हणावा, तर काकांना नाव ठाऊकच नव्हते. राहिली ती ओळ. मतदान झाले, एवढे ती ओळ सांगते. ते किती सहज झाले, हे मात्र चित्रच सांगते. शाळेत प्रश्नाचे उत्तर येते म्हणून मूल जसा हात वर करते, तसाच हा हात. वर करणाऱ्यांपैकी कित्येकांचे मन आत जळत असेल. चित्र ते दाखवीत नाही, दाखवू शकतही नाही. योजना तर ३ जूनलाच जाहीर झाली होती. या हातांनी तिच्यावर संमतीची मोहोर उमटविली. पण पुढे एक कोटीहून अधिक माणसांची घरेदारे सुटली. इतक्या प्रचंड उलथापालथीला मान्यता देताना माणसाच्या शरीराला करावी लागलेली हालचाल एवढीशीच होती! एखादा अश्रुपूर्ण चेहरा टिपला असता, तर आपण हळहळून पान उलटले असते. बाईंनी आपल्या पदरचे काहीही त्यात घातले नाही, म्हणून ते उलटवत नाही.

याचा अर्थ साधे ते सारे थोर, असा मात्र नव्हे. त्याच पुस्तकातील समारंभांची काही चित्रे मला आजही नोंदीपलीकडची वाटत नाहीत, आणि नावासाठी त्यांची स्तुती मी करणार नाही. साधेपणा हा स्वतः गुण नव्हे. त्याच्या पोटात काय दडले आहे, ते पाहावे लागते. आणि ते पाहायला कधीकधी आपले डोळे पुरत नाहीत, शेजाऱ्याचे उसने घ्यावे लागतात.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, “चित्र मोठे आहे. पण माझी शंकाही खोटी नव्हती बरं का!” ती हसली. पुस्तक तेवढे येथेच ठेवून गेली.