न मोडलेले दुरुस्त करताना

यंत्रातील बहुतेक भाग आपल्या प्रकृतीची वार्ता कोणत्या ना कोणत्या मार्गाने बाहेर पाठवीत असतात. ब्रेकचे पॅड झिजले की किरकिरतात, रबरी नळी जुनी झाली की तिला चिरा पडतात, बॅटरी मान टाकण्यापूर्वी काही दिवस कण्हत राहते. काही भाग मात्र असे असतात, की त्यांना बाहेर काढल्याखेरीज त्यांची खरी अवस्था कळत नाही, आणि एकदा बाहेर काढल्यावर तेच पुन्हा आत बसवण्यात शहाणपण उरत नाही. मोटारीच्या इंजिनातील कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग हा अशा भागांपैकी एक होय. ते तपासणे आणि ते बदलणे या दोन क्रिया व्यवहारात एकच होऊन जातात. ते केव्हा बदलावे हा प्रश्न त्यामुळे वरवर पाहता गॅरेजमधला वाटला, तरी त्याचे स्वरूप अधिक व्यापक आहे. पुरेशा पुराव्यावाचून निर्णय कसा घ्यावा, आणि तो बरोबर होता हे पुढेही कधी सिद्ध होणार नसेल तर त्याची जबाबदारी कशी वाहावी, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्यांना वर्षानुवर्षे अस्वस्थ करीत आला, त्यांत बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीच्या एम ३ या स्पोर्ट्स कारचे मालक ठळकपणे दिसतात. या गाडीची ई ४६ म्हणून ओळखली जाणारी पिढी २००० ते २००६ या काळात तयार झाली. म्हणजे तिच्यातील सर्वांत धाकटी गाडीही आता विशीच्या घरात आली आहे. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले तिचे एस ५४ हे इंजिन ३२४६ घन सेंटिमीटरचे आहे. युरोपातील गाड्यांत त्याची शक्ती ३४३ अश्वशक्ती होती, आणि मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत ते चढत असे. ८००० फेरे हा आकडा उच्चारायला सोपा आहे. त्याचा अर्थ मात्र सहज मनात उतरत नाही. या गतीला प्रत्येक पिस्टन सेकंदाला २६६ वेळा थांबतो आणि उलट फिरतो. त्याचा ओघ ९१ मिलिमीटरचा असल्याने त्याची सरासरी गती सेकंदाला २४ मीटरांहून अधिक होते. हे सारे थांबणे आणि फिरणे ज्या सांध्यावर आदळते, तो सांधा म्हणजे कनेक्टिंग रॉडचा खालचा डोळा. तिथे क्रँकशाफ्ट आणि रॉड यांच्यामध्ये बोटभर रुंदीच्या, अर्धवर्तुळात वाकवलेल्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्यांना शेल म्हणतात. सहा रॉड, म्हणून बारा शेल.

या शेलचे वैशिष्ट्य असे, की सर्व काही सुरळीत असते तेव्हा त्यांना कोणी स्पर्शच करीत नाही. क्रँकशाफ्ट धातूवर फिरत नाही, तेलावर फिरतो. हे रहस्य उलगडले ते इंग्लंडमध्ये, आणि तेही काहीसे योगायोगाने. १८८३ साली बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या डब्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर त्यातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसवले. ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली; तीही टिकली नाही. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढून नेतो आणि त्या तेलाच्या दाबावरच तरंगतो, हे यातून ध्यानात आले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने १८८६ साली त्याचे गणित मांडले. आजही प्रत्येक मोटारीचे इंजिन त्याच गणिताच्या आधारावर चालते. ही तेलाची साय अवघ्या काही मायक्रॉन जाडीची असते. ती आहे तोवर झीज नाही. इंजिन थंड असताना सुरू होते तेव्हा, तेल जुने झाले असेल तेव्हा, किंवा भार अचानक वाढतो तेव्हा ती क्षणभर फाटते, आणि त्या क्षणी धातू धातूला भेटतो.

अशा भेटीची तरतूद करून ठेवलेली असते. क्रँकशाफ्ट कठीण पोलादाचा असतो. शेलची पाठही पोलादाची असते, पण तिच्यावर तांबे व शिसे यांच्या मिश्रणाचा थर, आणि त्याही वर आणखी मऊ धातूचा मुलामा, अशी त्यांची परंपरागत घडण असते. धुळीचा कण आला तर तो मऊ थरात रुतून बसावा, घर्षण झाले तर मऊ धातू झिजावा आणि महागडा क्रँकशाफ्ट वाचावा, असा त्यामागील हेतू. शेल हा झिजण्यासाठीच योजलेला भाग आहे. मुलामा जाऊन तांबे दिसू लागले, तर त्याने आपले काम केले आहे असेही म्हणता येते, आणि त्याची वेळ भरत आली आहे असेही म्हणता येते.

एस ५४ इंजिनाच्या पहिल्या काही वर्षांत ही वेळ अकाली भरू लागली. आरंभी या इंजिनात पातळ तेल वापरले जात होते; पुढे त्याऐवजी १० डब्ल्यू ६० हे दाट तेल ठरवून देण्यात आले. अमेरिकेत २००३ साली कंपनीने सुरुवातीच्या गाड्या परत बोलावून त्यांची रॉड बेअरिंगे स्वखर्चाने बदलली आणि इंजिनाच्या हमीची मुदतही वाढवली. प्रकरण तिथे संपायला हवे होते. परंतु एकदा मनात शिरलेली कुणकुण अशी संपत नाही. नंतरच्या काळात बनलेल्या गाड्यांचे मालकही आपल्या इंजिनाकडे वेगळ्या कानांनी ऐकू लागले. बेअरिंग पुरते निकामी झाले, तर रॉड क्रँकशाफ्टवर ठोके देऊ लागतो आणि प्रसंगी तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो. हे घडायला अनेकदा काही क्षण पुरतात. ठोके ऐकू येईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे, हे सर्वांनाच ठाऊक झाले.

मराठीत या प्रसंगासाठी दोन म्हणी हाताशी आहेत, आणि त्या परस्परविरुद्ध सल्ला देतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे एक सांगते. चालत्या गाड्याला खीळ घालू नये, असे दुसरी बजावते. लोकव्यवहाराचे शहाणपण दोन्ही बाजूंना सारखेच उभे राहते, तेव्हा माणसाला स्वतःच विचार करावा लागतो.

दुसऱ्या म्हणीच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडसाठी काम करणाऱ्या सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या गटाला असे आढळले, की ठरावीक तासांनंतर होणाऱ्या तपासणीनंतर विमानांतील बिघाड कमी होण्याऐवजी वाढत, आणि उड्डाणाचे तास जमत जात तसतसे ते पुन्हा उतरत. निरोगी यंत्र उघडणे हीच एक इजा ठरत होती. त्याचा हा वृत्तान्त ग्रंथरूपाने १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्समधील नॉलन व हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात दाखवून दिले, की विमानाच्या बहुसंख्य भागांचा बिघाड आणि वय यांचा सरळ संबंध नसतो. म्हणून केवळ वय झाले या कारणाने भाग बदलल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही. तथापि, जे घासते ते झिजते, हेही याच अभ्यासाने नाकारले नाही. साध्या आणि झिजणाऱ्या भागांना वयाचा नियम लागू पडतो. प्रश्न एवढाच उरतो, की या विशिष्ट इंजिनातील हा विशिष्ट शेल आज कोणत्या वयाचा आहे. किलोमीटरचा आकडा त्याचे उत्तर देत नाही, कारण एकाच अंतरात दोन चालकांनी दोन प्रकारची आयुष्ये जगवलेली असतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातील शिसे आणि तांबे मोजता येते, पण अशा चाचणीत सूक्ष्म कणच पकडले जातात. मोठे कण फिल्टरमध्ये अडकून गप्प बसतात. शिवाय, मोडलेल्या इंजिनांची हकीगत चारचौघांत होते. न मोडलेली इंजिने चालत राहतात आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. भीती ज्या साक्षींवर पोसली जाते, त्या सगळ्या एकाच बाजूच्या असतात.

तरीही एखादा मालक बेअरिंगे बदलण्याचा निर्णय घेतो. मग इंजिनाला वरून आडव्या दांड्याचा आधार देऊन टांगले जाते, पुढची सबफ्रेम खाली उतरवली जाते, तेल काढून ऑईल पॅन सोडवला जातो. मेकॅनिक क्रँकशाफ्ट हाताने फिरवीत दोन-दोन रॉड खाली आणतो: पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा. प्रत्येक रॉडची टोपी त्याच्याच रॉडला, त्याच बाजूने परत बसली पाहिजे. अदलाबदल झाली तर मूळ गोलाई बिघडते. बोल्ट आधी ठरावीक जोराने आणि नंतर ठरावीक कोनातून आवळायचे असतात. त्यात ते किंचित ताणले जातात, म्हणून नवे घ्यावे लागतात. एक बोल्ट चुकीचा आवळला, धुळीचा एक कण नव्या शेलच्या पाठीमागे राहिला, तर जी आपत्ती टाळण्यासाठी हे सर्व चालले आहे तीच ओढवून घेतली जाते. मालकाने एका अनिश्चित धोक्याऐवजी दुसरा धोका पत्करलेला असतो. फरक इतकाच, की पहिला धोका नशिबाच्या खाती होता. दुसऱ्यावर एका माणसाच्या हाताची सही असते.

काढलेले बारा शेल स्वच्छ कापडावर क्रमाने मांडले जातात, आणि तिथे वाचन सुरू होते. रॉडच्या बाजूचे शेल ज्वलनाचा भार सोसतात, म्हणून त्यांच्यावर खुणा अधिक. कुठे राखी पृष्ठभाग झिजून तांब्याची तांबूस कड उघडी पडलेली, कुठे कणाने ओढलेली बारीक रेघ, कुठे जवळजवळ काहीच नाही. ज्याने भीतीपोटी खर्च केला, त्याला त्या तांबूस कडेत आपले समर्थन दिसते. ज्याचा या उपद्व्यापाला विरोध होता, त्याला त्याच कडेत आणखी लाखभर किलोमीटरचे आयुष्य दिसते. संहिता एकच असते, आणि वाचकाने काय पणाला लावले आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही अवस्था अपरिचित नाही. तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. साहित्यकृतीचे दुसरे वाचन नेहमीच शक्य असते. हे शेल इंजिनात राहिले असते तर किती टिकले असते, हे आता कोणालाही, कधीही वाचता येणार नाही. वाचण्यासाठी ते बाहेर काढावे लागले, आणि बाहेर काढल्यामुळे त्यांचे पुढचे प्रकरण लिहिलेच गेले नाही.

म्हणून प्रतिबंधक दुरुस्ती करणारा माणूस बरोबर ठरण्याचा हक्क स्वेच्छेने सोडतो. इंजिन पुढे टिकले, तर ते तसेही टिकले असते, असे कोणीही म्हणू शकते, आणि त्याला खोडून काढता येत नाही. दुरुस्तीनंतर गाडी अधिक वेगाने धावत नाही, तिचा आवाज बदलत नाही, तिच्या रूपात काही भर पडत नाही. मोठी रक्कम खर्चून त्याने जे मिळवले ते म्हणजे एक गोष्ट न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीची पावती कोणी देत नाही. त्याच्याकडे उरते ती गॅरेजची पावती आणि खुणा करून डबीत ठेवलेले बारा जुने शेल. गाडी विकायची वेळ आली की तो ते पुढच्या मालकाच्या हाती देतो. इंजिनाच्या पोटात काय आहे हे त्या नव्या माणसालाही दिसणार नसते. त्याला अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते. तो शब्द निदान कागदावर आणि धातूवर टिपलेला असावा, एवढी सोय या दुरुस्तीने होते, आणि कदाचित हेच तिचे सर्वांत निर्विवाद फळ असेल.

नवी बेअरिंगे पहिल्या फेरीपासून जुनी होऊ लागतात. या गाडीच्या टॅकोमीटरवर नारिंगी दिव्यांची एक रांग असते. इंजिन थंड असताना त्यातील बरेच दिवे उजळलेले राहतात आणि त्यांच्या पलीकडे काटा नेऊ नये असे सुचवतात. तेल तापत जाते तसतसे ते एकेक करून विझतात आणि पूर्ण गतीची मोकळीक मिळते. घाई असलेल्या चालकाला ते दुर्लक्षिता येतात. इंजिन त्याला अडवीत नाही. ज्याने एकदा ते बारा शेल कापडावर मांडलेले पाहिले आहे, तो मात्र शेवटचा दिवा विझेपर्यंत काटा आवरून धरतो.