खळे आणि पाणवठा

देशावरच्या जुन्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार असे. मशिदीची सेवा त्याच्याकडे, आणि जत्रेत देवीपुढचा बकरा कापण्याचा हक्कही त्याचाच. मोहरमात ताबूत उचलावयास, पंजापुढे नवस बोलावयास हिंदू कुळे येत. या आठवणींनी मराठी ललित लेखक फार चटकन गहिवरतात. गहिवर खोटा नव्हे, अपुरा आहे. रोटीबेटीच्या मर्यादा कडेकोट होत्या, म्हणूनच सणासुदीची सरमिसळ कोणाला जाचत नव्हती.

महारही बलुतेदारच. त्याचा वाटा त्याच खळ्यावर निघे. पाणवठा मात्र त्याला बंद. कोकणात महाडच्या चवदार तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरू शकत. मज्जाव होता तो हिंदू म्हणून गणल्या जाणाऱ्या अस्पृश्यांनाच. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, नगरपालिकेनेही तळे खुले केले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. मग दिवाणी दावा. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल हाती येण्यास १९३७ साल उजाडले.