मोत्याचा जबडा

आमच्या मोत्या कुत्र्याच्या तोंडाला वास यायला लागला आणि पाण्याच्या भांड्यात लाळेबरोबर रक्त दिसलं, तेव्हा मी त्याचा ओठ वर केला. खालच्या डाव्या सुळ्याजवळ हिरडीवर लालसर, खडबडीत गाठ होती. शेजारचे दात हलत होते. न्हावऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी जबड्याखालच्या लसीका ग्रंथी चाचपल्या आणि पुण्याला न्यायला सांगितलं.

तिथे गाठीचा तुकडा तपासणीला गेला, जबड्याचा आणि छातीचा एक्स-रे झाला. निदान निघालं अमेलोब्लास्टोमा. ही गाठ मेलानोमासारखी फुप्फुसात पसरत नाही, पण हाड पोखरत जाते. नुसती खरवडली तर परत येते. भोवतीचं सेंटिमीटरभर चांगलं हाड घेऊन काढली, तर बहुतेक कुत्री कायमची बरी होतात.

वस्तीवर सगळे म्हणाले, "जबडा काढून कुत्रं जगवायचं कशाला?" आमच्या उसात बिबट्याचा वावर, राखणीला कुत्रं हवंच. आई एवढंच म्हणाली, "भुंकेल ना? मग न्या त्याला."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. सुळ्यासकट हाडाचा तुकडा काढायचा, ओठाच्या आतलं अस्तर ओढून हाडाच्या टोकावर शिवायचं आणि जीभ लोंबू नये म्हणून ओठांचा कोपरा थोडा पुढे घ्यायचा. तोंडाला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे जखम लवकर भरते.

वस्तीवर धूळ आणि माश्या. जखमेत अळ्या पडायची धास्ती. म्हणून ऑपरेशननंतर त्याला दौंडला ताईकडे ठेवलं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर, अंगावर मच्छरदाणी. ताई मऊ वरणभात घोटून छोटे गोळे करायची. पहिले काही घास खाली पडले. मग त्याने मान उजवीकडे कलती करून जिभेने गोळा आत ओढायची युक्ती स्वतःच शोधली. हनुवटी आत गेलेलं ते तोंड बघून आम्हाला भरून यायचं. तो मात्र भांडं चाटून पुसून ताईकडे आणखी मागायचा.

आज तो वस्तीवर आहे. डावीकडून लाळ गळते, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते आणि रात्री त्याचा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. रूप बिघडेल म्हणून ऑपरेशन टाळू नका. कुत्र्याला आंघोळ घालताना दर वेळी ओठ वर करून हिरड्या बघा. गाठ बोराएवढी असतानाच सापडली, तर हाडही कमी काढावं लागतं.