कानाले बांधा, सर

दिवाळी आटोपली की मोझरीत कूलर बुजवायचं काम निघतं. वऱ्हाडातला कूलर हा लोखंडी, अजस्र आणि खिडकीत कायमचा बसवलेला असतो. काढून ठेवायला घरात जागा नसते, आणि काढला तरी मार्चमध्ये परत कोण चढवणार? म्हणून टाकीतलं पाणी सांडून देतात, गवताच्या ताट्या वाळवतात आणि तोंडाला पुठ्ठा, त्यावर फ्लेक्स, त्यावर जुनी चादर लावून सुतळीनं करकचून बांधतात. आमच्या शेजारच्या कूलरवर एका पडलेल्या उमेदवाराचं अर्धं हसू सगळा हिवाळाभर नांदतं. एवढं करूनही कुठल्यातरी फटीतून पहाटेचा वारा आत येतोच, आणि घरातला कोणीतरी झोपेतच उठून त्या फटीत पोत्याचा तुकडा कोंबतो.

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे वारा हा घरातलाच माणूस. खिडक्या बारा महिने उघड्या. थंडी म्हणजे पहाटे पांघरूण जरा वर ओढायचं, इतकंच. समुद्र दिवसा फार तापू देत नाही, रात्री फार निवू देत नाही. नोकरीनं मोझरीतल्या गुरुकुंजात आलो तेव्हा ही उघड्या खिडकीची सवय बरोबर आणली होती. पहिल्याच डिसेंबरात समोरच्या मावशींनी अंगणातून आवाज दिला, “सर, खिडकी उघडी टाकून झोपता काय? हवा लागन ना!” पुढे हेच बसच्या कंडक्टरनं सांगितलं, भाजीवालीनं सांगितलं, दहावीतल्या पोट्ट्यांनी सांगितलं. प्रत्येकाचा रोख एकाच अवयवावर: “कानाले बांधा, सर.” आमच्याकडे विद्यार्थी शिक्षकाच्या कानांबद्दल बोलला असता, तर ते कान त्याचेच पिळले गेले असते. इथं दुसऱ्याच्या कानांची काळजी करणं हा गावाचा हक्क आहे, आणि त्याला वय, हुद्दा, जात काही आड येत नाही.

वऱ्हाडात हवामान कानातून आत शिरतं, असा एकंदर समज आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपट्टा डोक्यावरून घेऊन कान झाकतात, ऊन लागू नये म्हणून. डिसेंबरात तोच दुपट्टा, त्याच गाठीनं, हिव लागू नये म्हणून. हसू येतं खरं. पण या मुलखाला समुद्र लाभलेला नाही हे ध्यानात घेतलं की हसू ओसरतं. कोरडी हवा, निरभ्र आभाळ. काळी जमीन दिवसभर कमावलेली ऊब सूर्य बुडताच उधळून टाकते. त्यात उत्तरेचा वारा सुटला की मग विचारू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. माझ्या कोकणी कानांना हा आकडा हिमालयातला वाटतो.

पहाटे गुरुकुंज आश्रमाकडे गेलं की बांधलेल्या कानांचं संमेलनच भेटतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभा केला आणि सगळ्यांनी मिळून करायच्या दोन गोष्टी गावोगाव रुजवल्या: पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. म्हणजे दिवसाचे नेमके गार असलेले दोन्ही काठ! गुरुदेवभक्ताची भगवी टोपी कान झाकत नाही. म्हणून आधी टोपी, टोपीवरून मफलर, मफलरची गाठ हनुवटीखाली, आणि त्या सगळ्यातून बाहेर राहिलेले दोन मिटलेले डोळे. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथी तिथीनं येते, त्यामुळे उत्सव एखाद्या साली नोव्हेंबरला जाऊन टेकतो. तेव्हा बाहेरगावच्या लोकांच्या वळकट्या जरा जाड दिसतात. मुंबईकडचे मात्र शर्टावर येतात आणि रात्री कोणाच्या तरी सतरंजीचा कोपरा मागतात. तो मिळतोही.

इथलं घर उन्हाळ्याशी भांडायला बांधलेलं आहे. जुनी मातीची, कवेलूंची घरं तरी बरी. त्यांच्या हातभर जाड भिंती दिवसाची ऊब रात्रीपर्यंत राखतात. नव्या स्लॅबच्या घरात मे महिन्यात भाजून निघायचं आणि जानेवारीत फरशीवर पाय टेकवत नाही. खोली तापवायची ही कल्पनाच इथं नाही. हिव आलं की खोलीला काही करत नाहीत, माणसाला करतात. गुंडात पाणी तापवतात, डिंकाचे लाडू देतात, रजई टाकतात. रजईतला कापूस बहुधा आसपासच्याच शेतातला असतो. अंगणात पऱ्हाट्यांची नाहीतर तुराट्यांची शेकोटी पेटली की चार घरं त्याच आगीवर भागतात. २०२२ च्या हिवाळ्यात, रशियाचा गॅस आटल्यावर, सरकारी कचेऱ्या १९ अंशांपेक्षा जास्त तापवू नयेत असा नियम जर्मनीनं काढला. केवढी हळहळ झाली तिकडे! आमच्या वर्गात सकाळी १९ अंश असले तर मुलं स्वेटर काढतात.

समोरच्या मावशींचा मुलगा टोरोंटोला असतो. तिथं उणे वीस अंशांत बर्फ उपसणारा हा गडी डिसेंबरात सुटीवर आला, आणि मोझरीच्या बैठकीत जाकीट घालून कुडकुडत बसला. “तिकडं हिव बाहेर राह्यते, सर,” तो म्हणाला, “घरात बनियनवर फिरतो आम्ही.” तळघरातली भट्टी सगळ्या खोल्या सारख्या तापवते, दारंखिडक्यांना फट म्हणून नसते. त्याचं शरीर आता दार लावलं की थंडी संपली असं शिकलं होतं. मावशींनी त्याला अर्धा दिवस तसंच बसू दिलं, मग बाज ओढून अंगणात टाकली आणि म्हणाल्या, “घरात कायले बसतं? बाहेर ये, ऊन हाये.”

इथली खरी गोम तीच. कॅनडात माणसं थंडीतून घरात येतात; वऱ्हाडात थंडीतून घराबाहेर येतात. सकाळी नऊच्या सुमारास सगळं घर अंगणात सांडलेलं असतं: तांदूळ निवडणं, दाढी, पोरांचा अभ्यास, आजीचं तेल चोळणं, उकडलेल्या तुरीच्या शेंगांची परात. ऊन सरकेल तशी बाज सरकते. गल्लीतली भांडणंसुद्धा उन्हाच्या पट्ट्यात उभं राहून होतात. टोरोंटोकर दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप घेऊन त्या बाजेवर. फक्त एका गोष्टीत त्याचं आईशी जमेना. संत्र्यांच्या मुलखातला तो, वर्षभर आठवण काढलेली संत्री रात्री जेवणानंतर सोलायला घ्यायचा, आणि मावशी हातातून काढून घ्यायच्या. रात्री संत्रं थंड पडतं, खोकला होतो. सकाळी उन्हात बसून मग कितीही खा!

एवढी धास्ती असलेल्या या हिवाची शेतात मात्र वाट बघतात. गव्हाला फुटवे यायचे तर थंडी हवी. धुई पडून तुरीचा फुलोरा गळला तर शिव्या धुईला बसतात, थंडीला नाही. आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचं तर सगळं गणितच हिवावर. डिसेंबरात पाणी तोडून बाग ताणावर सोडायची; थंडी आणि तहान दोन्हींनी झाड वाढ थांबवतं, आणि ताण तोडून पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलांनी लगडतं. थंडी कमी पडली की फूटही कमी.

परवा मोर्शीकडचे एक बागायतदार बसमध्ये शेजारी बसले. स्वेटर, स्वेटरवर कोट, कानांना दुपट्टा, दुपट्ट्यावर मफलर. खिडकीची काच त्यांनी चढल्या चढल्या ओढून घेतली होती, आणि ती खडखडून उघडू नये म्हणून कोपर तिला लावून बसले होते. “काय म्हणतो बहार?” मी विचारलं.

“कायचा बहार, सर,” ते मफलरच्या आतून म्हणाले, “यंदा हिवच नाई पडलं.”