आईने पाहिलेला समुद्र

माझ्या आईने आयुष्यात एकदाच समुद्र पाहिला. फेब्रुवारी 2021 मध्ये. तो पाहायला ती आपल्या पैशाने गेली नव्हती आणि आपल्या मर्जीनेही गेली नव्हती.

त्या वर्षी जानेवारीच्या 15 तारखेला आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. आमच्या वॉर्डातली एक जागा महिलेसाठी राखीव होती. वस्तीवरच्या बायकांनी आईला आग्रहाने उभे केले. आई चौथी शिकलेली. अर्जावर सही करताना तिचा हात थरथरत होता, पण ती निवडून आली. त्या रात्री आमच्या दारात गुलाल पडला. मी तेव्हा नववीत होते. शाळेत मैत्रिणींना सांगताना माझा ऊर भरून येत असे.

पंचायतीत सात सदस्य. सरपंच त्यांनीच आपल्यातून निवडायचा. चार हात ज्याच्या बाजूने, तो सरपंच. निकालानंतर दोनच दिवसांनी गावातले एक वजनदार गृहस्थ आमच्याकडे आले. दादांनी बहिणीच्या लग्नात त्यांच्याकडून हातउसने पैसे घेतले होते. त्या पैशाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. चहा घेतला आणि जाताना एवढेच म्हणाले, “वहिनींची पिशवी भरून ठेवा. चार दिवस जरा कोकणात फिरून येऊ.”

ती ‘सहल’ काय असते, हे खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. चौघांना जीपमध्ये बसवले, त्यांचे मोबाइल काढून घेतले आणि सरपंचाच्या निवडीदिवशी सकाळी थेट पंचायतीच्या दारात आणून सोडले. आईने हात वर केला. ज्यांच्यासाठी केला, त्यांनीच मागच्या मुदतीत आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीचे काम अडवून धरले होते. घरी आल्यावर ती कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हात माझाच वर गेला गं, पण उचलला दुसऱ्यानंच.”

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली, तेव्हा हापशावर एका म्हातारीने तिला विचारले, “आम्ही तुला मत दिलं. तू कुणाला दिलंस?” आईने घागर तशीच ठेवली आणि रिकाम्या हाताने परत आली. मी आईला एवढी खाली मान घातलेली कधी पाहिली नव्हती.

पुढे जुलै 2022 मध्ये बातमी आली, की सरपंच आता थेट लोकांतून निवडायचा. मला आनंद झाला. मी घरभर सांगत सुटले, “आता पळवापळवी बंद!” कायदा कुणी बदलला, केव्हा बदलला, हे मला विचारावेसेही वाटले नाही.

या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला पंचायत राज्य चालू असताना मी तेच मोठ्या उत्साहाने सांगितले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि फळ्यावर तीन साले लिहिली : 2017, 2020, 2022. म्हणाले, “2017 मध्ये एका सरकारने थेट सरपंच आणला. 2020 मध्ये दुसऱ्या सरकारने तो काढून टाकला. 2022 मध्ये तिसऱ्याने परत आणला. पाच वर्षांत एकाच खुर्चीचा नियम तीन वेळा बदलला. या तिन्ही वेळा तुमच्या गावाला कुणी विचारले होते काय?”

मी खाली बसले. मनात हिशेब मांडला. शेजारच्या गावात ऑक्टोबर 2017 मध्ये लोकांनी थेट सरपंच निवडला होता. 2020 चा बदल झाला नसता, तर आमच्या गावालाही तोच नियम लागला असता आणि आईची पिशवी भरावी लागली नसती. मुंबईत विधिमंडळात एक कलम बदलले आणि त्याचे ओझे इकडे हापशापर्यंत माझ्या आईच्या मानेवर येऊन पडले. अर्थात थेट सरपंचाचा नियमही निर्दोष नाही. सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे असले, की गावाची कामे अडतात, हे शेजारच्या गावात आम्ही पाहिले आहे. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. पण ते बोलणे गावात झालेच नाही.

त्याच तासाला सरांनी 1975 सालची हकीकत सांगितली. नंतर ग्रंथालयात बसून मी ती नीट वाचली. 1971 च्या निवडणुकीत रायबरेलीतून पंतप्रधान इंदिरा गांधी एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. हरलेले उमेदवार राजनारायण न्यायालयात गेले. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवड रद्द केली. प्रचारात सरकारी नोकरांची मदत घेतली, हा ठपका होता. तेरा दिवसांनी आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये संसदेने निवडणूक कायदाच बदलला, आणि तोही मागील तारखेपासून. म्हणजे जे पूर्वी दोषास्पद ठरले होते, ते आता दोषास्पद राहिले नाही. एवढ्याने भागेना, म्हणून 39 वी घटनादुरुस्ती आली. पंतप्रधानांच्या निवडीकडे न्यायालयाने पाहायचेच नाही, असे तिचे सांगणे होते. 7 ऑगस्टला लोकसभेत, 8 ला राज्यसभेत आणि 10 ला राष्ट्रपतींची सही! सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी होती 11 ऑगस्टला.

लहानपणी आम्ही विटीदांडू खेळत असू. ज्याचा दांडू, तो आउट झाला की नवा नियम काढी. आम्ही चिडत असू, पण दांडू त्याचा असे. हे वाचताना मला तो मुलगा आठवला. फरक एवढाच, की तो दहा वर्षांचा होता.

7 नोव्हेंबर 1975 रोजी पाच न्यायमूर्तींनी त्या घटनादुरुस्तीतले ते मुख्य कलम रद्द केले. त्यांत आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. पण मागील तारखेपासून बदललेला साधा कायदा टिकला आणि त्याच्या आधाराने ती निवडही टिकली. 1976 मध्ये लोकसभेची मुदतही वाढवण्यात आली. उरलेसुरले ते कलम शेवटी 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने गेले.

निवडणुकीचा कायदा बदलूच नये, असे मी म्हणणार नाही. 1989 मध्ये तो बदलला, मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले, म्हणून तर आज एकोणिसाव्या वर्षी माझे नाव यादीत आहे. आमच्या वॉर्डातली महिलेची जागाही कायदा बदलल्यानेच आली. प्रश्न बदलाचा नाही. डाव चालू असताना, ज्याच्या हाती दांडू त्यानेच, स्वतःच्या सोयीसाठी तो केला काय, हा प्रश्न आहे. 2022 मध्ये मी हे विचारले नाही, कारण बदल माझ्या सोयीचा होता. याची मला आज लाज वाटते. आपल्या बाजूचा नियम मोडला की ओरडायचे आणि दुसऱ्याचा मोडला की गुलाल उधळायचा, असे करणाऱ्यांत मीही होते.

दिवाळीच्या सुट्टीत चुलीपुढे बसून ही सगळी हकीकत मी आईला सांगितली. भाकरी थापता थापता तिने विचारले, “मग पुढं काय झालं?”

“1977 ला निवडणूक झाली. त्याच रायबरेलीत, त्याच राजनारायणांनी त्यांना हरवलं.”

आईने भाकरी तव्यावर टाकली आणि पीठ लागलेला हात क्षणभर तसाच धरला. म्हणाली, “म्हणजे एवढं करूनही लोकांचं मत शिल्लक राहिलं होतं म्हणायचं.”

मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखी, “समुद्र मात्र छान होता गं. पण मी धड बघितलाच नाही.”

आमच्या गावाच्या पुढच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा मत देणार आहे. आईला मी तोंडाने काही कबूल केलेले नाही. पण पैसे साठवून तिला एकदा एसटीने समुद्रावर न्यायचे, असे मी ठरवले आहे. त्या वेळी तिची पिशवी तिची तीच भरील.

— द्वितीय वर्ष, कला